पंधरा दुरुस्त्यांचं पुस्तक

आमच्या परगण्यात काळ्या माणसाला मतदारयादीत नाव घालायचं तर महिन्यातले दोनच दिवस असत, पहिला सोमवार आणि तिसरा सोमवार. कचेरीत जायचं, पुढ्यात येईल तो अर्ज स्वतःच्या हातानं भरायचा, अमेरिकेच्या राज्यघटनेतला एक उतारा ते सांगतील तसा उतरवून द्यायचा आणि चार प्रश्नांची उत्तरं लिहायची. शिवाय एक साक्षीदार लागे. तो आधीपासून यादीत असलेला हवा, आणि एका साक्षीदाराला वर्षातून दोनदाच साक्ष देता येई. हा दोनदाचा नियम अलाबामा राज्याच्या कायद्यातला की आमच्या कचेरीनं घरी बसून केलेला, हे मला अजून कळलेलं नाही. विचारायला गेलं की साक्षच घेत नसत.

१९६४ साली आम्ही पाच काळी माणसं यादीत होतो. एक शिकागोला मुलीकडे राहायला गेला होता, एक अंथरुणाला खिळला होता, दोघांच्या साक्षी जानेवारीतच संपल्या होत्या. उरलो मी, कॉर्नेलियस मिनीफील्ड. माझा धंदा अंत्यसंस्काराचा. आमच्या लोकांना न्हाऊ घालून, नीट कपडे करून मातीपर्यंत पोचवणं हे काम माझ्या वडिलांपासून आमच्याकडे आहे, आणि गोऱ्यांचं गिऱ्हाईक त्यात नसल्यामुळे मला कामावरून काढून टाकणारं कोणी नव्हतं. म्हणून माझं नाव यादीत टिकलं. यात शौर्य काही नाही.

त्या वर्षी माझ्या दोन्ही साक्षींकडे डोळे लावून बसलेली बरीच मंडळी होती. मी एक सिस्टर थीलियाला देऊ केली. चर्चमधल्या बायांना आम्ही सिस्टरच म्हणतो; पुरतं नाव ऑर्थीलिया टॉलिव्हर, वय सहासष्ट. शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं तिनं पोरांना वाढलं. तिला काचबिंदू झाला होता. उजवा डोळा गेल्यातच जमा होता आणि डाव्याबद्दल मॉन्टगोमेरीच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, की नाताळापर्यंत चालेल, पुढचं सांगत नाही.

अर्ज स्वतःच्या हातानं भरायचा होता. दुसऱ्यानं लिहिलेला घेत नसत.

"म्हणजे माझ्याकडे हे एवढंच वर्ष आहे," ती म्हणाली. "माझ्या बापानं दहा वर्षं मत दिलं होतं. मी तीन वर्षांची असताना या राज्यानं आपली नवी घटना केली आणि त्याचं नाव काढलं. तो पुन्हा कधी गेला नाही. लाजायचा. मला लिहिण्यापुरता उजेड आहे तोवर मी जाणार."

"मी नेईन गाडीतून," मी म्हटलं.

"कुठल्या गाडीतून?"

"काळ्या मोठ्या."

"त्या गाडीत मी एकदाच बसणार आहे, कॉर्नेलियस, आणि तेव्हा बसणार नाही, आडवी असेन. तुझी फोर्ड काढ."

आता वर्गाचं सांगतो. आमच्या न्यू हेब्रन चर्चमध्ये दर मंगळवारी संध्याकाळी अकरा जण राज्यघटना शिकायला जमत. शिकवायचे डीकन, म्हणजे आमच्या चर्चचे एक वडीलधारे कारभारी, अम्झी क्रेंशॉ. वय त्र्याहत्तर, लाकडाच्या गिरणीत जन्म गेलेला, ताठ, दारूच्या थेंबाला न शिवलेले. त्यांची शिकवायची रीत आमच्या चर्चमधलीच होती. आमच्या म्हाताऱ्यांना वाचता येत नसे आणि भजनाची पुस्तकं नसत, तेव्हापासूनची ही रीत आहे. डीकन एक ओळ भरभर बोलून देतो आणि सगळी मंडळी तीच ओळ उचलून सावकाश, लांब, हेलकावे देत ओढत नेते. ओळ संपत आली की डीकन पुढची देतो. वाचता न येणारा माणूस अशानं चाळीस-चाळीस भजनं पोटात ठेवतो. डीकननी राज्यघटना तशीच द्यायला घेतली होती. "सेनेटमध्ये असतील," ते म्हणत, "दर राज्यातून दोन सेनेटर," आणि अकरा गळे झील ओढत. वर्गातल्यांना घरी सोडायला मी कधी पाच मिनिटं आधी पोचलो तर बाहेर पायरीवर बसून ऐकत राही. करवसुलीचं कलमसुद्धा त्या चालीत असं लागे की डोळ्यांत पाणी यावं.

सिस्टर थीलियाला ही रीत फार सोयीची होती, कारण बारीक छापलेलं तिला दिसत नव्हतं. तिनं सगळी घटना कानांनी घेतली. तीन महिन्यांत तिला सात कलमं आणि पंधरा दुरुस्त्या मुखोद्गत झाल्या.

पंधराच, कारण डीकनच्या पुस्तकात तेवढ्याच होत्या. ते पुस्तक त्यांच्या वडिलांना गुलामगिरी सुटल्यानंतरच्या एका रात्रशाळेत मिळालं होतं. पुठ्ठा गेलेला, पानं तपकिरी, आणि शेवटच्या पानावर वडिलांनी शिकून पहिल्यांदा लिहिलेलं स्वतःचं नाव. ते दुसऱ्या कोणाच्या हातात देत नसत. आमच्यापैकी कोणाला त्या पुस्तकाचं वय विचारायचं सुचलं नाही. चर्चमध्ये जुनं पुस्तक म्हणजे चांगलं पुस्तक.

एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारी मी तिला घेऊन कचेरीत गेलो. नोंदणी अधिकारी हॅग्लर नावाचे गृहस्थ होते, चाळिशीचे. मी साक्षीचा कागद सही करून मागच्या बाकावर बसलो. सिस्टर थीलियानं नाक कागदाला लागेल इतकी मान वाकवून अर्ज भरला, उतारा लिहिला, उत्तरं लिहिली. पावणेदोन तास लागले. हॅग्लरनी कागद उचलला, वाचला आणि हसले. ते आनंदानं हसले, असं मला वाटलं.

"काय गं थीलिया, घरी रेडिओ नाही का?"

"आहे, सर."

"दुसरा प्रश्न. घटनेप्रमाणे सेनेटरांची निवड कोण करतं. तू लिहिलंयस, राज्याचं विधिमंडळ."

"हो, सर. कलम पहिलं, विभाग तिसरा."

"सेनेटरना लोक निवडून देतात. पन्नास वर्षं झाली."

"घटनेत विधिमंडळ लिहिलंय, सर."

"घटनेत काय लिहिलंय ते तू मला सांगणार?" त्यांनी खणातून एक पातळ पुस्तिका काढली, शेवटाकडचं एक पान उघडलं आणि सतरावी दुरुस्ती वाचून दाखवली. दर राज्यातून दोन सेनेटर, त्या राज्याच्या लोकांनी निवडलेले. मग अर्जावर शिक्का मारला. "साठ दिवसांनी ये. चष्मा बदलून ये."

परतताना कापसाच्या गोदामापाशी आल्यावर ती म्हणाली, "त्यानं वाचलं ते पान आपल्या पुस्तकात नाही."

"नाही."

"मग त्याचं खोटं होतं का?"

"नाही, सिस्टर. त्याचं खरं आहे. मी स्वतः दोनदा सेनेटरला मत दिलंय."

"अरे, ते मलाही माहीत होतं. रेडिओवर दर निवडणुकीला ओरडत असतात. पण प्रश्नात लिहिलं होतं घटनेप्रमाणे. मी म्हटलं, जगात काय चालतं ते हे विचारत नाहीत, घटनेत काय आहे ते विचारतायत. या राज्यात घटनेत असतं एक आणि चालतं दुसरं. हे काय मला नवीन आहे? मला वाटलं, सेनेटरांचंही तसंच असेल."

मी गाडी बाजूला घेऊन थांबवली. आजवर या कचेरीनं आमच्या माणसांना कशाकशावरून परत पाठवलं होतं. एकाची सही ओळीला टेकली म्हणून, एकानं आपला पत्ता पूर्वी दिला त्याहून सविस्तर दिला म्हणून. आम्ही घरी येऊन संतापत असू आणि त्या संतापात एक आधार असे. या खेपेला कारण खरं होतं. चूक आमच्या वर्गाची होती, आणि ती हॅग्लरसारख्या माणसानं दाखवून दिली होती.

"दुसरी साक्ष कोणाला देणार आहेस?" तिनं विचारलं.

"तुम्हाला."

"रस्त्यावर तुला शिव्या घालतील."

"घालू देत. माझ्याकडे येतातच ना सगळे शेवटी."

ती हसली, पण थोडंसंच. "मग आता चुकून चालायचं नाही," ती म्हणाली.

त्या आठवड्यात मी टस्कीगीच्या एका मित्राकडून नवी पुस्तिका मागवली. तिच्यात चोवीस दुरुस्त्या होत्या. चोविसावी तर त्याच जानेवारीतली, मतासाठी डोईपट्टी घेऊ नये अशी. मंगळवारी ती पुस्तिका मी डीकनच्या पुढ्यात ठेवली. रेव्हरंड जुडसन बिलअप्स, आमचे पाद्री, तेही येऊन बसले होते, कारण त्यांना डीकनचा स्वभाव ठाऊक होता.

डीकननी पुस्तिका हातात घेतली नाही. "हे काय आहे?"

"घटना आहे, डीकन. नऊ दुरुस्त्या जास्त आहेत."

"मी त्र्याहत्तर वर्षांचा झालो. माझ्या बापानं ही घटना चिमणीच्या उजेडात शिकली. आता तू मला सांगतोस ती अपुरी होती?"

"तेव्हा पुरी होती. नंतर भर पडली."

"मागून चिकटवलेलं मी देणार नाही. उद्या कोणी आणखी एक पान चिकटवील. पाया आहे की वळचण आहे ही?"

रेव्हरंड काही बोलणार, एवढ्यात सिस्टर थीलिया म्हणाली, "डीकन, एक विचारू का? तुमच्या पुस्तकात बाईला मत आहे?"

"पंधरावी दुरुस्ती," डीकन म्हणाले. "वंश, रंग किंवा पूर्वीची गुलामगिरी यांवरून मताचा हक्क नाकारता येणार नाही."

"ते माझ्या बापाचं झालं. बाईचं विचारते."

डीकननी पानं मागे उलटली, पुढे उलटली. मग शेवटच्या बाकावरून सिस्टर लुव्हेनिया म्हणाली, "सापडलं तर सांगा हो, मी तोवर चुलीवरचं बघून येते."

"या वर्गात आठ बाया आहेत आणि तीन पुरुष," सिस्टर थीलिया म्हणाली. ती अजिबात चिडलेली नव्हती, भाजीचा भाव सांगावा तशी बोलत होती. "तीन महिने तुम्ही आठ बायांना मत द्यायला शिकवताय, आणि तुमच्या पुस्तकाचं ऐकायचं तर आम्ही घरी जाऊन भांडी घासायची. माझी ओळ चुकली त्याचं काही नाही. पण बाईचं पान या नव्यात आहे, एकोणिसावं, आणि मला ते पाहिजे."

सगळे हसले. हसायला नको होतं. डीकननी पुस्तक रुमालात गुंडाळलं, टोपी घेतली आणि गेले. पुढचे दोन मंगळवार आलेच नाहीत. रविवारी चर्चमध्ये येत, आपल्या कोपऱ्यात बसत, पण ओळ द्यायला उठत नसत. ती धाकट्या डीकनला द्यावी लागे आणि त्याच्या ओळीला झील धरताना मंडळी रस्ता चुकल्यासारखी करी. इकडे साठ दिवसांतले सव्वीस गेले. आम्ही पुस्तिका घेऊन वाचायला बसायचो, पण वाचलेलं सिस्टर थीलियाच्या डोक्यात राहत नव्हतं. तिला सूर लागे, आणि सूर डीकनकडे होता.

मग एका रविवारी रेव्हरंड बिलअप्सनी प्रवचनाला तो विषय घेतला.

रेव्हरंडांबद्दल मला थोडं सांगितल्याशिवाय राहवत नाही. ते सुरुवात अगदी साधी करतात, बँकेतल्या माणसासारखी. शास्त्रातलं ठिकाण सांगतात, कोण, कुठे, केव्हा. वीस मिनिटं तसंच. मग कुठेतरी एक वाक्य शेवटाला जरासं उचललं जातं, आणि ऐकणाऱ्याला कळतं की आता हे चढणार. त्यापुढे बोलणं कुठे संपलं आणि गाणं कुठे सुरू झालं ते सांगता येत नाही. श्वास घेतात तोसुद्धा तालात. मी चाळीस वर्षांत अनेकांची प्रवचनं ऐकली, धंद्यामुळे दफनाची तर शेकडो. असा गळा ऐकला नाही.

त्या दिवशी त्यांनी बायबलमधल्या, वाळवंटातल्या पाच बहिणी घेतल्या. बाप मेला, भाऊ नाही, आणि जमिनीची वाटणी चाललेली. नियम असा, की वाटा मुलग्यांना. पाच जणी मंडपाच्या दाराशी येऊन, देवाचा नियम लोकांपर्यंत आणणाऱ्या मोशेसमोर आणि सगळ्या पुढाऱ्यांसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, आमच्या बापाचं नाव का पुसावं?

"आता मोशेपाशी नियम होता," रेव्हरंड म्हणाले, अजून बोलतच होते. "नियम देवाचा. मोशेला म्हणता आलं असतं, बायांनो, लिहिलेलं आहे ते आहे." मग ते वाक्य उचललं गेलं. "पण मोशे, तो तसं म्हणाला नाही. मोशेनं ते प्रकरण देवापुढे नेलं. आणि देव काय म्हणाला?"

"सांगा," मंडळी म्हणाली.

"देव म्हणाला नाही की पहिलं चुकलं. देव म्हणाला नाही की पाटी फोड. देव म्हणाला, या मुली बरोबर बोलतात." आता ते पूर्ण सुरात होते. "बरोबर बोलतात, मोशे, लिहून घे. खाली जागा आहे, मोशे, लिहून घे. ज्यानं नियम दिला तोच म्हणतो, लिहून घे."

सिस्टर लुव्हेनिया उभी राहिली, मग तिची बहीण, मग सगळा डावा बाक. मी उजव्या बाजूला डीकनच्या मागेच होतो. त्यांची मान हलत नव्हती. पण रेव्हरंडांनी चौथ्यांदा "लिहून घे" म्हटलं तेव्हा डीकनच्या गळ्यातून खालच्या पट्टीत ती ओळ निघाली, आणि मग ते थांबले नाहीत.

मंगळवारी ते वेळेआधी येऊन बसले होते. पुस्तक रुमालात होतं, त्याच्यावर ती पुस्तिका. कोणाला नमस्कार नाही, खुलासा नाही. "सोळावी," ते म्हणाले. "उत्पन्नावरच्या कराची. उचला."

सतरावीला सिस्टर लुव्हेनियानं विचारलं, "मग ती विधिमंडळाची जुनी ओळ आता म्हणायची नाही ना? आणि ते तीन पंचमांशाचंही टाकून देऊ. मला ते म्हणताना गिळल्यासारखं होतं."

तीन पंचमांशाचं म्हणजे, पहिल्या कलमात राज्याची लोकसंख्या कशी मोजायची ते दिलंय. स्वतंत्र माणसं पूर्ण धरायची आणि बाकीच्या माणसांचे तीन पंचमांश. बाकीची म्हणजे आमची.

डीकननी पुस्तिका आणि पुस्तक शेजारी ठेवून पाहिलं. "नव्यातही ती ओळ आहे," ते म्हणाले. "खोडलेली नाही."

"कशी खोडतील?" सिस्टर थीलिया म्हणाली. "खोडत नाहीतच ते. पुढे लिहून मागचं फिरवतात. मी तिथेच चुकले. पहिली ओळ म्हटली आणि गप्प बसले. दोन्ही म्हणायच्या, जुनी म्हणायची आणि लगेच तिला फिरवणारी. पहिल्या कलमात तीन पंचमांश आलं की श्वास न सोडता चौदावीतलं पूर्ण संख्या म्हणायचं. म्हणजे कोणी मध्येच अडवलं तरी मी अर्ध्यावर असणार नाही."

तशी पद्धत बसली. विधिमंडळ आणि लगेच लोक. तीन पंचमांश आणि लगेच पूर्ण संख्या. जुन्या ओळीला जुनी चाल आणि फिरवणाऱ्या ओळीला थोडी चढी. डीकननी स्वतःच बसवलं ते, आणि बसवताना त्यांना मजा येत होती, हे ते लपवू शकले नाहीत.

अडलं ते अठरावीला आणि एकविसावीला. अठरावीनं सगळ्या देशात दारूबंदी केली. डीकननी ती अशी दिली की शेजारच्या शेतातली गाय मान वर करून बघू लागली. मग एकविसावी आली, जिनं अठरावी रद्द केली.

"ही मी देणार नाही," डीकन म्हणाले.

"डीकन, मला परीक्षेला विचारतील."

"विचारू देत. दारू पुन्हा मोकळी झाली असं माझ्या तोंडातून निघणार नाही. त्र्याहत्तर वर्षांत मी शिवलो नाही."

"तुम्हाला प्यायला कोण सांगतंय? म्हणायचीय फक्त."

"नुसती ओळ आहे ती," रेव्हरंड हसू दाबून म्हणाले. "म्हटल्यानं चढत नाही, ब्रदर क्रेंशॉ."

"ज्याला द्यायची त्यानं द्यावी. माझी हरकत नाही."

आमच्या चर्चमध्ये बाईनं ओळ दिली नव्हती. तसा काही लिहिलेला नियम नव्हता, पण नव्हती दिली. सिस्टर थीलिया उठली, बाकाला धरून पुढे आली आणि डीकनच्या शेजारी उभी राहिली. पुस्तिका तिच्या कामाची नव्हती. मी तिला दोनदा वाचून दाखवली. मग तिनं ओळ दिली, डीकनपेक्षा सावकाश, शाळेत पोरांना ताट घेऊन रांगेत यायला सांगावं तशी. दहा जणांनी झील ओढली. डीकन तोंड मिटून खिडकीबाहेर बघत होते. मात्र दुसऱ्या ओळीला तिचा सूर खाली घसरला तेव्हा त्यांनी तिच्याकडे न बघता, शब्द न उच्चारता, नुसत्या हुंकारानं तो उचलून जागेवर ठेवला.

साठ दिवस भरेपर्यंत जूनचे दोन्ही सोमवार गेले होते आणि जुलैच्या पहिल्या सोमवारी कचेरी बंद होती, म्हणून जुलैच्या तिसऱ्या सोमवारी आम्ही पुन्हा गेलो. डावा डोळाही आता बराच उतरला होता. गाडीतून उतरताना तिचा अंदाज चुकला आणि मला हात द्यावा लागला. एरवी ती घेत नसे.

हॅग्लरना ती आठवत होती. "आलीस? बस." मी साक्षीवर सही केली आणि बाकावर गेलो. अर्जावरच्या ओळी फिक्या निळ्या होत्या, मला बाकावरून कागद कोराच दिसत होता. तिनं पिशवीतून रुमाल काढून घडी घातली आणि त्याची कड कागदावर ठेवली, ओळीचा आधार म्हणून.

"टेबलावर पेनाशिवाय काही नको," हॅग्लर म्हणाले.

तिनं रुमाल ठेवून दिला. मग डाव्या हाताचं बोट कागदावर आडवं ठेवलं आणि त्या बोटाच्या वरून लिहीत गेली. ओळ संपली की बोट एक जाडी खाली. पेन अधूनमधून बोटावर येई. अर्धा अर्ज होईस्तोवर बोट निळं झालं होतं.

मग उतारा. हॅग्लरनी पुस्तिकेची पहिलीच पानं उघडली, जरा शोधलं, आणि सांगायला सुरुवात केली. पहिलं कलम, विभाग दुसरा. प्रतिनिधी आणि थेट कर राज्याराज्यांत संख्येप्रमाणे वाटले जातील. आणि ती संख्या काढावी ती स्वतंत्र माणसं पूर्ण धरून. ते मुद्दाम हळू सांगत होते. आणि बाकी सर्व माणसांचे तीन पंचमांश मिळवून.

सिस्टर थीलिया लिहीत होती. हॅग्लर पुढचा शब्द सांगायच्या आधीच तिचं पेन तिथे पोचलेलं असे. ओठ हलत होते आणि अगदी बारीक गुणगुण येत होती.

"गाणं बंद. ही सरकारी कचेरी आहे."

ती गप्प झाली. ओठ हलत राहिले.

मग प्रश्न. हॅग्लरनी छापील कागद दिला नाही, तोंडी सांगितले आणि लिहून घे म्हणाले. तिसरा असा होता: वरील उताऱ्याप्रमाणे राज्याची लोकसंख्या कशी मोजतात?

मी बाकाची कड धरून बसलो होतो. वरील उताऱ्याप्रमाणे. गेल्या वेळी घटनेप्रमाणे म्हणाले आणि तिनं अक्षराला धरून उत्तर दिलं तर ते चुकलं होतं. आता अक्षर सोडून दिलं तर म्हणतील, उताऱ्यात आहे ते सांगितलं नाहीस. माझी दुसरी साक्ष खर्च झाली होती. पुढच्या वर्षी तिला हा कागद दिसणार नव्हता.

ती थांबली नाही. बोट खाली सरकवलं आणि लिहिलं. लिहायला खूप वेळ लागला, आणि शेवटची ओळ कागदाच्या तळाशी तिरपी होत गेली. हॅग्लरनी कागद घेतला आणि मोठ्यानं वाचला, बहुधा शेजारच्या कारकुनाला ऐकवावं म्हणून.

"उताऱ्याप्रमाणे गुलामाचे तीन पंचमांश धरत. चौदाव्या दुरुस्तीच्या दुसऱ्या विभागानं ते फिरवलं. आता सर्व माणसांची पूर्ण संख्या धरतात. उतारा अजून छापतात, पण तो चालत नाही."

कारकुनानं मान वर केली. "बरोबर आहे हो ते," तो म्हणाला, आणि मग त्याला वाटलं असावं की बोलायला नको होतं, कारण तो लगेच खाली बघून काहीतरी टंकू लागला.

हॅग्लरनी कागद पुन्हा एकदा वाचला. मागून पुढून पाहिला. "अक्षर तिरपं आहे," ते म्हणाले.

"हो, सर," सिस्टर थीलिया म्हणाली. "वाचता येतंय ना?"

ते त्यांनी आत्ताच मोठ्यानं वाचलं होतं, सगळ्यांसमोर. त्यांनी कागद टोपलीत टाकला. "टपालानं कळवू."

बावीस दिवस लागले. ऑगस्टमधला गुरुवार होता, मी एका दफनाची फुलं उतरवून घेत होतो. सिस्टर थीलिया उन्हातून चालत आली, हातात पाकीट. फोडलेलं नव्हतं. परवाच आलं होतं, म्हणाली.

"परवा आलं आणि आज आणलंत?"

"वाईट असलं तर दोन दिवसांनी काय बिघडणार होतं? वाच."

मी हात पुसून वाचलं. तीन ओळी होत्या. ऑर्थीलिया टॉलिव्हर यांचं नाव परगण्याच्या मतदारयादीत घेतलं आहे, आणि मतदानाचं ठिकाण. मी आणखी एकदा वाचलं. तिनं पत्र मागून घेतलं, डाव्या डोळ्याशी धरलं, पण टंकलेली अक्षरं बारीक होती. "माझं नाव कुठे आहे?" मी तिचं बोट त्यावर ठेवलं. तिनं ते थोडा वेळ तिथेच राहू दिलं. मी फुलांच्या टोपल्यांकडे बघत उभा राहिलो.

"ठिकाण कुठलं म्हणालास?"

"पेंडीच्या दुकानाची मागची खोली. गावाच्या उत्तरेला."

"मी तिथे कधी गेले नाही. पायऱ्या आहेत?"

"आहेत. पाच-सहा असतील."

"कठडा?"

मला आठवेना.

"आत्ता मोकळा आहेस का?" ती म्हणाली. "नोव्हेंबरपर्यंत मला काय दिसेल कोण जाणे. दिसतंय तोवर बघून येऊ."

दफन चारला होतं. मी फोर्ड काढली. पेंडीच्या दुकानाला मागच्या बाजूनं लाकडी जिना होता, कठडा नव्हता. मी हात पुढे केला तर तिनं तो बाजूला सारला, स्कर्ट जरा उचलला आणि चढली. वर जाऊन बंद दाराला हात लावला, दाराची मूठ डावीकडे आहे की उजवीकडे ते चाचपून पाहिलं आणि उतरली. दुकानाचा मालक पोत्यावर बसून बघत होता.

"काय पाहिजे?" त्यानं विचारलं.

"आज काही नाही, सर," सिस्टर थीलिया म्हणाली, आणि पुन्हा चढायला लागली, या खेपेला डोळे मिटून. मी खाली उभा राहून मोजत होतो. सात होत्या.